शुद्धीवर येण्याची वाट

जयपूर शहराच्या तटबंदीच्या आत, राजवाड्याला लागून, दगडचुन्याचे एक प्रचंड घड्याळ उभे आहे. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या जंतरमंतर या वेधशाळेतील हे सम्राट यंत्र होय. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. सूर्य वर चढू लागला की त्याच्या तिरप्या भिंतीची सावली शेजारच्या वक्र पट्टीवरून सरकू लागते. यंत्र एवढे मोठे आहे, की सावलीची गती नुसत्या डोळ्यांना दिसते: एका सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे एका मिनिटात जवळजवळ सहा सेंटिमीटर. जयपूरला सहलीस गेलेली शाळकरी मुले तेथे खडूने खूण करतात आणि सावली ती खूण ओलांडताना पाहून हरखतात. दोन सेकंदांपर्यंतचा काळ ज्याने मोजता यावा असे हे साधन एका राजाने चाके आणि काटे यांवाचून उभे केले.

याच शहरात, तेथून दोन-तीन किलोमीटर अंतरावर, रामनिवास बागेच्या बाजूस सवाई मानसिंह रुग्णालय आहे. १९४७ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेले असून राजस्थानातील सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याची गणना होते. राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून अवघड रोगी येथे आणले जातात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाचे दार उघडले, की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की आत दिवस आणि रात्र हा भेद फारसा उरलेला नाही. दिवे सदैव जळत असतात. यंत्रांचे सूचक आवाज दुपारी दोन वाजता जसे, तसेच पहाटे चार वाजता. ज्या शहरात सावलीने सेकंद मोजले, त्याच शहरात एखादा माणूस आज वार कोणता, हे सकाळ आहे की संध्याकाळ, आणि आपण कोठे आहो, हे सारे विसरून पडलेला असतो. त्याला पुन्हा वेळेच्या आणि स्थळाच्या ज्ञानावर आणणे हा शस्त्रक्रियेनंतरच्या उपचाराचा एक अवघड भाग आहे, आणि त्याच्या आप्तांना सर्वांत अधिक भय वाटते तेही याच भागाचे.

हे नीट समजावे म्हणून एक रोगी कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तो कोणी विशिष्ट माणूस नव्हे; जे अशा अनेक रोग्यांच्या बाबतीत वारंवार आढळते, ते त्याच्या निमित्ताने सांगता येते, एवढेच. दौसा जिल्ह्यातील एका खेड्यातला हा पासष्ट वर्षांचा शेतकरी. वजन साठ किलो. आयुष्यभर विडी ओढलेली, गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतलेल्या, पोटातल्या जळजळीकडे दुर्लक्ष केलेले. एके संध्याकाळी पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी कळ उठते. जठराच्या पुढील आतड्याचा व्रण फुटलेला असतो. जयपूरला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तोवर पोटाच्या पोकळीत जंतू पसरलेले असतात. शस्त्रक्रिया होते, छिद्र बंद केले जाते, पोट धुऊन काढले जाते. शल्यचिकित्सक बाहेर येऊन मुलाला सांगतात, की शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. परंतु पुढचे काही दिवस रोग्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागेल.

या वाक्यातील ‘परंतु’ मुलाला समजत नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असेल, तर माणूस बरा का नाही? शस्त्रक्रियेने रोगाचे मूळ दूर झालेले असते हे खरे. पण त्या रोगाने शरीरात जो उत्पात माजविला तो अजून शमलेला नसतो. जंतूंशी झगडताना शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्या सैल सोडते, त्यामुळे रक्तदाब घसरतो. विडीने आधीच दुबळी झालेली फुप्फुसे पुरेसा प्राणवायू घेऊ शकत नाहीत. मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते. ही इंद्रिये स्वतः सावरेपर्यंत त्यांचे काम बाहेरून चालवून देणे, हाच अतिदक्षता विभागाचा अर्थ आहे. तेथे रोग बरा केला जातो असे म्हणण्यापेक्षा, बरे होण्यास लागणारा अवधी तेथे मिळवून दिला जातो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

म्हणून मुलगा पहिल्यांदा आत जातो तेव्हा त्याला वडील दिसण्याच्या आधी नळ्या दिसतात. तोंडातून श्वासनलिकेत गेलेली नळी कृत्रिम श्वसनयंत्राला जोडलेली आहे. ही नळी दोन्ही स्वरतंतूंच्या मधून जाते. त्यामुळे रोगी शुद्धीवर असला तरी बोलू शकत नाही, ही गोष्ट आप्तांना कोणी आधी सांगितली तर पुष्कळ घबराट वाचेल. मानेच्या शिरेतून नॉरॲड्रेनॅलिन हे औषध थेंबाथेंबाने जात आहे. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकविते. पोटातून एक नळी निघाली आहे, तीतून आतील स्राव बाहेर येतो. पलंगाखाली लघवीची पिशवी आहे, आणि परिचारिका तासातासाला तिच्यावरील रेघा वाचून आकडा लिहिते. शरीराच्या दर किलो वजनामागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी असा हिशेब आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिलिटर. बाहेर बसलेल्या आप्तांना ज्या आकड्याची कल्पनाही नसते, त्या या क्षुल्लक दिसणाऱ्या आकड्यावरून रक्तप्रवाह मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आहे की नाही हे कळते.

बोटाला लावलेला लहानसा चिमटाही पाहण्याजोगा आहे. त्यातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण बोटाच्या आरपार जातात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू गमावलेले रक्त हे दोन्ही किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात हे तत्त्व उपयोगात आणले. नाडीच्या ठोक्याबरोबर जो प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच हिशेबात घ्यावा, म्हणजे कातडी, हाड आणि मांस यांचा प्रश्न उरत नाही, ही त्याची युक्ती होती. सुई न टोचता रक्तातील प्राणवायू क्षणोक्षणी दिसू लागला तो त्यामुळे.

अशा विभागाची कल्पना मात्र यंत्रांमधून निघाली नाही. १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, पोलिओची भयंकर साथ आली. पुष्कळ रोग्यांचे श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडले. त्या काळी अशा रोग्याला लोखंडी पेटीत ठेवीत. पेटीतील हवा बाहेर ओढली, की छाती फुगून श्वास आत जाई. परंतु ब्लेगडॅम रुग्णालयात अशी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांचा उपयोगही होईना. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी आपण रोज जे करतो तेच येथे करावे, असे त्यांचे म्हणणे पडले: गळ्याला छेद देऊन नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा फुप्फुसांत सोडावी. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीवर हा प्रयोग करण्यात आला आणि ती वाचली.

प्रश्न एवढाच होता, की अहोरात्र पिशवी दाबणार कोण? त्या कामासाठी वैद्यकीचे विद्यार्थी बोलावण्यात आले. त्या साथीत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून हाताने श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या अखेरीस, इब्सेन यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रोग्यांसाठी वेगळा विभाग काढला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचाच सामान्यतः उल्लेख होतो. भारतात ही शाखा पुढील काही दशकांत मोठ्या शहरांतून रुजली, आणि १९९३ साली या विषयातील तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था मुंबईत स्थापन झाली.

कोपनहेगनच्या या कथेतील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते रोगी जागे होते. पिशवी दाबणारा विद्यार्थी त्यांच्याशी बोलत असे, त्यांना वाचून दाखवीत असे, आणि रोगी डोळ्यांनी खुणा करून श्वास अपुरा पडतो की अधिक होतो ते सांगत असे. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली. यंत्राला डोळ्यांच्या खुणा समजत नाहीत. यंत्राच्या तालाशी रोग्याच्या श्वासाचा मेळ बसेना, तो धडपडू लागे. म्हणून त्याला गुंगीच्या औषधांनी खोल झोपवून ठेवण्याची पद्धत पडली. झोपलेला रोगी शांत दिसतो, नातेवाइकांनाही तेच बरे वाटते. या शांततेची किंमत पडते हे ध्यानात येण्यास पुष्कळ वर्षे लागली.

शिकागो येथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२८ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची गुंगीची औषधे रोज एकदा थांबवून रोग्यांना जागे होऊ दिले. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत ठेवली. पहिल्या गटातील रोगी सरासरीने पाच दिवसांच्या आत श्वसनयंत्रावरून सुटले, दुसऱ्या गटाला सात दिवसांहून अधिक लागले. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ रोज एकदा माणसाला जागे करणे. वैद्यकशास्त्रातील काही उत्तम शोध असे काहीतरी न करण्याचे असतात.

आता पुन्हा त्या शेतकऱ्याकडे वळू. चौथा दिवस उजाडला आहे. रक्तदाब स्थिर आहे, ताप उतरला आहे, लघवी भरपूर होते आहे. सकाळी गुंगीचे औषध थांबविले आणि दुपारी श्वासाची नळी काढली. बाहेर निरोप गेला, की बापूजी बोलू लागले आहेत. मुलगा धावत आत जातो. वडील त्याच्याकडे पाहतात आणि ओळखत नाहीत. छताकडे बोट दाखवून तेथे उंदीर फिरत आहेत असे म्हणतात. परिचारिका आपल्या बैलांना घेऊन चालली आहे अशी त्यांची खात्री झालेली आहे. ते उठण्याची धडपड करतात, हातातील सलाइनची सुई उपटू पाहतात. मुलाचा चेहरा पांढरा पडतो. शरीर वाचले आणि मन गेले, असेच त्याला वाटते.

महाराष्ट्रातील खेड्यात या अवस्थेला ‘वात झाला’ असे म्हणतात. तापाच्या भरात माणूस वातात बरळतो हे आजीआजोबांना ठाऊक होते. जुन्या वैद्यांचा शब्द सन्निपात. आजचे शास्त्र तिला संभ्रमावस्था म्हणते, आणि तिच्याविषयी पहिली सांगण्यासारखी गोष्ट ही, की ती वेड नव्हे. हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे जशी आजाराच्या आघाताने काही काळ कोलमडतात, तसाच मेंदूही कोलमडतो. जंतुदोष, प्राणवायूची उणीव, रक्तातील क्षारांचा बिघाड, वेदना, गुंगीची औषधे, अनिद्रा, कधी कधी केवळ साचलेला मलावरोध, यांपैकी एक किंवा अनेक कारणे एकत्र येतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, अतिदक्षता विभागातील सुमारे एक-तृतीयांश रोग्यांत ही अवस्था आढळते. श्वसनयंत्रावर राहिलेल्यांत आणि वृद्धांत ती याहूनही अधिक असते. बहुतेकांच्या बाबतीत ती काही दिवसांत ओसरते. तेव्हा त्या मुलाला जे दिसत आहे ते अपवादात्मक अरिष्ट नसून, दर तीन खाटांमागे एकीवर घडणारी गोष्ट आहे.

बैल चोरीला गेले म्हणून ओरडणारा रोगी निदान सर्वांच्या लक्षात तरी येतो. संभ्रमाचा दुसरा प्रकार मुका असतो. रोगी डोळे उघडून स्वस्थ पडून राहतो, विचारले तर उशिराने ‘हं’ म्हणतो, आणि जो तो म्हणतो, की आज किती शांत आहेत! हा प्रकार पहिल्याहून अधिक आढळतो, आणि मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. त्यासाठी २००१ साली अमेरिकेतील डॉक्टर वेस्ली ईली आणि त्यांचे सहकारी यांनी खाटेपाशी दोन मिनिटांत करता येणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचा मुख्य भाग कोणत्याही वर्गात करून पाहता येईल. रोग्याचा हात हातात घेऊन सांगावयाचे, की मी दहा अक्षरे म्हणेन, त्यांपैकी अमुक अक्षर ऐकू आले की माझा हात दाबा. मग अक्षरे एकामागून एक सावकाश म्हणावयाची. निरोगी माणूस सहसा चुकत नाही. संभ्रमात असलेला माणूस भलत्याच अक्षराला हात दाबतो, नेमक्या अक्षराला दाबीत नाही, किंवा चौथ्या अक्षरापर्यंत आपण काय करीत होतो तेच विसरतो. दोहोंहून अधिक चुका झाल्या तर अवधान ढळले आहे असे समजतात. या चाचणीला वाचता येण्याची गरज नाही, बोलता येण्याचीही नाही. तोंडात नळी असतानाही ती करता येते. मात्र रोग्याला समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक आहे. ज्याने जन्मभर ढूंढाडी बोलीतच संसार केला, त्याला इंग्रजी अक्षरे ऐकवून त्याचे अवधान कसे मोजणार?

मुलगा डॉक्टरांना साहजिकच विचारतो, यावर औषध द्या. येथे शास्त्राचे उत्तर नम्र आहे. मन शांत करणारी जी औषधे अशा वेळी अनेक दशके दिली जात होती, त्यांची कसोटी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पाहण्यात आली. ५६६ रोग्यांपैकी काहींना यांपैकी एक, काहींना दुसरे आणि काहींना नुसते क्षारजल देण्यात आले. संभ्रम किती दिवस टिकला यात तिन्ही गटांत फरक पडला नाही. रोगी स्वतःला इजा करून घेईल अशी वेळ आली तर अशी औषधे अजूनही जपून दिली जातात; पण ती संभ्रम बरा करतात असे आता म्हणता येत नाही.

मग करावयाचे काय? मूळ कारण शोधणे, हे पहिले. वेदना असेल तर ती शमविणे, गुंगीचे औषध शक्य तेवढे कमी करणे, नको असलेल्या नळ्या लवकर काढणे. आणि त्यानंतर येतात त्या अगदी घरगुती गोष्टी. दाखल करताना काढून पिशवीत ठेवलेला चष्मा रोग्याच्या डोळ्यांवर परत चढवावा. छतावरचे उंदीर पुष्कळ वेळा पंख्याची सावली असतात. कमी ऐकू येत असेल तर कानाचे यंत्र लावावे. दाताची कवळी द्यावी. समोर मोठ्या अक्षरांचे घड्याळ आणि दिनदर्शिका असावी. रात्री दिवे मंद करावेत, आवाज कमी करावेत, आणि एका रक्ततपासणीसाठी दोनदा झोपमोड करू नये.

दिव्यांच्या बाबतीत थोडे अधिक सांगितले पाहिजे. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने ते रोज जुळविले जाते, आणि झोपेचे व जागेपणाचे रस त्याच्या तालावर पाझरतात. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते याच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिदक्षता विभागातील अखंड उजेडाने हे घड्याळ बिघडते, यात संशय नाही. तेव्हा दिव्यांचा प्रकाश दिवसाप्रमाणे कमीजास्त केला की संभ्रम टळेल, असे कोणालाही वाटेल. नेदरलँड्समध्ये सातशेहून अधिक रोग्यांवर तेच करून पाहिले. २०१६ साली निष्कर्ष आला, की केवळ त्याने संभ्रमाचे प्रमाण घटत नाही. सावलीने वेळ सांगणारे यंत्र उभारणे तुलनेने सोपे होते म्हणावयाचे. बिघडलेले मन एका किल्लीने चालू होत नाही. अनेक लहान गोष्टी एकत्र कराव्या लागतात, आणि त्यांतील कोणतीही एक वेगळी काढून तोलली तर हलकी भरते.

शरीर हालविणे हीही त्यांतलीच. अंथरुणावर पडल्या पडल्या स्नायू किती झपाट्याने झिजतात हे २०१३ साली लंडनमध्ये मोजले गेले: अत्यवस्थ रोग्यांच्या मांडीच्या एका स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटले. नांगर धरणाऱ्या माणसाच्या मांड्या दीड आठवड्यात काठीसारख्या होतात त्या अशा. म्हणून रोगी यंत्रावर असतानाच त्याला पलंगाच्या कडेला बसविणे, उभे करणे असे प्रयत्न सुरू झाले. २००९ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात असे लवकर हालचाल करविलेले ५९ टक्के रोगी घरी जाताना स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते, इतरांपैकी ३५ टक्के. त्यांच्या संभ्रमाचे दिवसही निम्मे झाले. पण २०२२ साली ७५० रोग्यांवर याहून जोरकस व्यायाम करून पाहिला तेव्हा अधिक लाभ झाला नाही, उलट नाडी आणि रक्तदाब बिघडण्याचे प्रसंग वाढले. तात्पर्य, उठवावे, पण रेटू नये. गावाकडील नातेवाईक ‘पडून राहू द्या, अशक्त आहेत’ म्हणतात आणि उत्साही तरुण मुलगा ‘चालवा’ म्हणतो. दोघेही थोडे थोडे चुकलेले असतात.

राहिला प्रश्न तो दाराबाहेर बसलेल्यांचा. आपल्या देशात रोगी एकटा रुग्णालयात येत नाही. त्याच्याबरोबर घर येते: शिदोरी, घोंगडी, पाण्याची बाटली, आणि रात्रभर जिन्याखाली जागणारे कोणी तरी. अतिदक्षता विभागात मात्र त्यांना ठरल्या वेळी काही मिनिटेच प्रवेश मिळतो. जंतुदोषाची भीती, जागेची टंचाई आणि परिचारिकांवरील भार ही त्याची कारणे खरी आहेत. तरीही ब्राझीलमधील ३६ विभागांत हा नियम बदलून पाहण्यात आला. आप्तांना दिवसाला बारा तासांपर्यंत रोग्यापाशी बसू दिले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्यांतील संभ्रमाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. परंतु जंतुदोषही वाढला नाही, आणि आप्तांची चिंता व खिन्नता स्पष्टपणे कमी झाली. हा निष्कर्ष काहींना निराशाजनक वाटला. वास्तविक, जिन्याखाली बसलेला माणूसही त्या आजारात पोळलेला असतो, आणि त्याला बरे वाटणे हे उपचाराचे फळ मानू नये असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

आत गेल्यावर बोलावे काय, याचीही एक रीत आहे. ‘मला ओळखलेत का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. स्वतःच सांगावे: ‘बापूजी, मी आलो आहे. आज मंगळवार, संध्याकाळ झाली आहे. तुम्ही जयपूरच्या रुग्णालयात आहात. पोटाची शस्त्रक्रिया झाली, ती नीट झाली.’ बैल चोरीला गेलेले नाहीत यावर वाद घालू नये, आणि गेले असे मान्यही करू नये. ‘बैल घरी आहेत, आईने चारा घातला आहे’ एवढे सांगून मोहरीच्या पिकाकडे बोलणे वळवावे. हेच सारे एका तासाने पुन्हा सांगावे लागेल, त्याला कंटाळू नये. परका आवाज ज्या भाषेत बोलतो तिच्यापेक्षा घरची बोली रोग्याला लवकर सापडते.

सहाव्या दिवशी शेतकऱ्याने सुनेला नावाने हाक मारली. संध्याकाळी तो पुन्हा बरळला. संभ्रमाची रीतच अशी, की सकाळी माणूस निवळतो आणि तिन्हीसांजेला पुन्हा हरवतो. त्यामुळे घरचे आशा आणि धास्ती यांत हेलकावे खातात. आठव्या दिवशी त्याला साध्या कक्षात हलविण्यात आले. तेथे खिडकी होती.

येथे सर्व संपले असे मात्र नव्हे. अमेरिकेत ८२१ रोग्यांचा पाठपुरावा केला असता, एक वर्षानंतरही सुमारे एक-तृतीयांश रोग्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती डोक्याला मध्यम दुखापत झालेल्या माणसांइतकी मंद आढळली. ज्यांचा संभ्रम अधिक दिवस टिकला त्यांचे अधिक बिघडले होते. अतिदक्षतेनंतर उरणाऱ्या या दुर्बलतेला आता वेगळे नाव मिळाले आहे. घरी परतलेला माणूस हिशेबात चुकतो, चिडतो, रात्री दचकून उठतो. घरच्यांना वाटते, की म्हातारपणाने स्वभाव बिघडला. जयपूरने या बाबतीत जगाला एक धडा पूर्वीच दिलेला आहे. सवाई मानसिंह रुग्णालयातच १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांनी तो प्रसिद्ध ‘जयपूर पाय’ घडविला. जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला असे न मानता, त्याला अनवाणी चालता, मांडी घालून बसता आणि शेतात उतरता आले पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता. पाय तुटला की तो सर्वांना दिसतो. अतिदक्षता विभागातून आलेल्या माणसाचे जे तुटलेले असते ते दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोणी कारागीर शोधीत नाही.

त्याच्या आठवणींतही एक भोक पडलेले असते. त्या भोकात खरे प्रसंग नसतात, पण उंदीर आणि बैलचोर मात्र पक्के बसलेले असतात. उत्तर युरोपातील परिचारिकांनी यावर एक साधा उपाय काढला: रोग्याच्या उशाशी वही ठेवून तीत रोज काय झाले, कोण भेटावयास आले, हे दोन ओळींत लिहून ठेवावयाचे. या वहीने मनाची जखम किती भरते याविषयीचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. पण वही दोन रुपयांच्या पेनाने लिहिता येते आणि तिचा अपाय काही नाही.

मुलाने अशी वही लिहिली होती असे समजू. घरी आल्यावर महिनाभराने शेतकरी खाटेवर बसून म्हणतो, की त्या ठिकाणी मला चोरांनी बांधून ठेवले होते. मुलगा पाचव्या दिवसाचे पान काढून वाचतो: ‘बापूजींनी रात्री नाकातील नळी ओढून काढली, म्हणून परिचारिकेने दोन्ही हात फडक्याने मऊ बांधले. पहाटे सोडले. आई तेव्हापर्यंत त्यांचा पाय धरून उभी होती.’ म्हातारा ऐकून घेतो, मनगटाकडे पाहतो, आणि ते पान पुन्हा एकदा वाचावयास सांगतो.